सातवा रकाना

येरवडा, पुणे
३ नोव्हेंबर २०२४

श्री. मच्छिंद्र काळभोर,
कौशल्या रोपवाटिका, लोणी काळभोर

महोदय,

आपल्या फाटकावर पाटी आहे : ‘रोपाबद्दल लेखी विचारा, लेखी उत्तर मिळेल.’ ती पाटी दहावीच्या सुट्टीत मीच रंगवली होती. तिच्या आधाराने हे पत्र लिहिते आहे. अडीच वर्षं आपण माझा फोन उचलला नाहीत, त्याबद्दल काही म्हणत नाही. पण गिऱ्हाइकाचं पत्र आपल्याकडे उत्तराविना कधी पडून राहिलं नाही, हे मला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही घर बदललं. तळमजला आहे. दारासमोर मातीचा एक तुकडा आहे आणि तिथे एकच झाड बसेल. मोरपंखी लावावी की अनंत, एवढंच विचारायचं आहे.

आपल्या छापील कागदावरचे सात प्रश्न पाठ आहेत, म्हणून उत्तरं इथेच देते. जागा : सहा फूट बाय चार. ऊन : सकाळी, आणि थोडं दुपारनंतर. माती : बांधकामाची भर, वर काळी. पाणी : बोअरचं. पाणी कोण घालणार : मी. या घरात किती वर्षं राहणार : माहीत नाही. सातवा रकाना, झाड कशासाठी, तो कोरा सोडते.

आपली,
नम्रता

*

लोणी काळभोर
९ नोव्हेंबर २०२४

सौ. नम्रता दिग्विजय यांस,

आपलं पत्र ६ तारखेला मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण तुमची माहिती अर्धवट आहे. सहा बाय चार हे टेपने मोजलं की डोळ्यांनी? ‘थोडं दुपारनंतर’ म्हणजे किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद? एवढी वर्षं माझ्या हाताखाली काढलेल्या आणि वर शेतकी कॉलेजची पदवी घेतलेल्या मुलीने असं उत्तर द्यावं, हे बघून गंमत वाटली. मी नववी पास. पण ऊन मी तासांत मोजतो.

आता झाडांचं. मोरपंखी बारा महिने हिरवी. तिची पानं म्हणजे पानं नव्हेतच, बारीक खवले एकावर एक बसलेले असतात. फूल नाही, वास नाही, खाली कचरा नाही. वर्षाला जेमतेम वीतभर वाढते. उन्हाळ्यात लाल कोळी लागतो, तेव्हा पाण्याचा जोरदार फवारा मारावा लागतो. नवीन वसाहतीत दाराच्या दोन्ही बाजूंना दोन लावायची पद्धत पडली आहे, शिपाई उभे केल्यासारखी. लोक ती शोभेला नेतात. दोन वर्षांनी तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही, कारण तिच्यात बघण्यासारखं काही घडत नाही.

अनंत वेगळा. त्याला तुमचं बोअरचं पाणी चालणार नाही. पानं पिवळी पडतील, शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. महिन्यातून दोनदा आंबट ताक पातळ करून घालावं लागतं. पिठ्या ढेकूण लागतो. एकूण झाड नखऱ्याचं. पण फुललं की गल्लीच्या तोंडाशी माणूस थांबतो. त्याचं फूल पहिल्या दिवशी पांढरं, तिसऱ्या दिवशी पिवळसर, मग तपकिरी. ते काही लपवत नाही.

माझं मत अनंत. शेजाऱ्यांनी लावली म्हणून मोरपंखी हवी असेल तर तसं लिहा, राग नाही. अंगण झाडायचा कंटाळा असेल तर तेही लिहा. तो तुमचा जुना आजार आहे.

सातवा रकाना कोरा ठेवून माझ्याकडे कोणी रोप नेलेलं नाही. जिल्हाधिकारी आले होते, त्यांनीसुद्धा भरला.

तुमच्या आईचं कळवायचं म्हणून कळवतो. ऑक्टोबरात तीन आठवडे ती सासवडला बहिणीकडे होती. मी हाताने करून खाल्लं. परत आली ती वाळून आली. सासवडचं पाणी बाधलं असावं. तुम्हाला ती फोन करते हे मला ठाऊक आहे, मी विचारत नाही.

मच्छिंद्र काळभोर

*

येरवडा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांना,

महोदय लिहून हात अवघडला, म्हणून आप्पा लिहिते. चालत नसेल तर खोडून वाचा.

टेपने मोजलं. पाच फूट दहा इंच बाय तीन फूट अकरा इंच. ऊन सकाळी सात वीस ते दहा पाच, मग दुपारी सव्वातीन ते साडेचार. चार दिवस पायरीवर बसून लिहून काढलं. सध्या रजेवर आहे, वेळ आहे.

शेजाऱ्यांकडे मोरपंखी नाही आणि झाडायचा कंटाळाही नाही. मला मोरपंखी हवी आहे, कारण तुम्हीच लिहिलंत तसं, तिच्यात काही घडत नाही. ती फुलणार नाही, म्हणून तिचं काही गळणारही नाही. सकाळी दार उघडलं की खाली काही पडलेलं दिसू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पण दिग्विजयला अनंत आवडतो. वर्ध्याला त्यांच्या घरी होता म्हणे. म्हणून एक विचारते. अनंताच्या कळ्या का गळतात? भरलेल्या, टपोऱ्या, उद्या उमलेल अशा वाटणाऱ्या कळ्या. लहानपणी मी विचारलं की तुम्ही ती कुंडी उचलून मागे न्यायचात आणि काही सांगायचा नाहीत. आता तरी लिहा. माझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

सातवा रकाना कोराच राहू द्या. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा मला थोडी सूट द्या.

नम्रता

*

लोणी काळभोर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. नम्रता,

मोजमाप आता बरोबर आहे. साडेचारनंतरची तिरीप धरली नाहीस, पण चालेल.

कळ्या का गळतात असं विचारलंस. हा प्रश्न आजवर शंभर जणांनी विचारला असेल आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो. कळी आपोआप गळत नाही. झाडाचा त्यात दोष नसतो, ठेवणाऱ्याचा असतो. कळी धरल्यावर कुंडी हलवली, गळते. एक दिवस पाणी चुकलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं, गळते. खताची घाई केली, वाऱ्याच्या तोंडी ठेवली, गळते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, आप्पा, मी सगळं नीट केलं हो. मी विचारत जातो आणि पाचव्या प्रश्नाला त्याची चूक सापडते. सापडतेच. नीट सांभाळलेली कळी गळलेली मी पाहिली नाही.

तुझ्यासारखीने तर अनंत जपूनच लावावा. तू पहिल्यापासून धसमुसळी. कुंड्या फरफटत न्यायचीस. तुझं नाव मी शेफाली ठेवणार होतो. प्राजक्ताचं जुनं नाव. तुझ्या आत्याने नम्रता ठेवलं. ती कुठे आली तुझ्यात? जयसिंगरावांसमोर मला खोटं पाडलंस तेव्हा तर औषधालाही नव्हती.

असो. त्या विषयावर मला लिहायचं नाही.

एकदा कळ्या गळल्या म्हणून खचायचं कारण नाही. झाड राहतं. पुढच्या वेळी नीट सांभाळ, म्हणजे झालं. अनंताचं एक रोप बाजूला काढून ठेवलं आहे. तीन वर्षांचं, बसक्या बांध्याचं, सध्या कळी नसलेलं.

आप्पा

*

लोणी काळभोर
२२ डिसेंबर २०२४

चि. नम्रता,

माझ्या पत्राला चार आठवडे होत आले. उत्तर नाही. रोप बाजूला काढून ठेवलं आहे आणि त्यावर चिठ्ठी बांधली आहे. आतापर्यंत दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणालो. किती दिवस ठेवायचं, ते कळव.

एक गोष्ट मला कळलेली नाही, ती तुला विचारतो. ते पत्र पेटीत टाकून आलो आणि तुझ्या आईला मजकूर सांगितला. कळ्यांचा भाग जरा सविस्तर सांगितला, कारण तो मला चांगला साधला होता. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. तवा तसाच टाकून ती मागच्या पडवीत गेली. भाकरी जळाली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “तुमाला झाडं कळत्यात. बास.” त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, पोरीनं शपथ घातलीय, तिलाच इचारा.

काय विचारायचं, ते मला माहीत नाही. पण विचारतो आहे.

मोरपंखीच हवी असेल तर तीही आहे. मी हट्ट धरत नाही.

आप्पा

*

येरवडा
२ जानेवारी २०२५

आदरणीय मामाजी,

मी दिग्विजय. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. तुम्ही आणि मी लग्नाच्या दिवशीच बोललो, तेही ‘पाणी घेता का’ एवढंच. तुम्ही अक्षता टाकून, न जेवता गेलात. हे पत्र मी नम्रताला न सांगता लिहितो आहे. मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्हाला मूल होणार होतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि तेव्हाच तुम्हाला बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. तोवर सांगायचं नाही, असं तिने आईंकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणायची, आप्पांना बातमी नको, त्यांना दारात उभं राहून बघू दे. ११ ऑक्टोबरला सव्विसावा आठवडा होता. पोटात हालचाल थांबली. मुलगी होती. सगळी बोटं, नखं, भुवयासुद्धा होत्या. आई तीन आठवडे सासवडला नव्हत्या, आमच्याकडे होत्या.

बाळाला मी पुरून आलो. नम्रता दवाखान्यात होती, तिने जागा पाहिली नाही. तिथल्या माणसाने सांगितलं, इथे खूण ठेवता येत नाही. मी घरी येऊन तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मग आपण आपल्या दारात एक झाड लावू. आप्पांना विचारू.

मग कळ्यांबद्दलचं तुमचं पत्र आलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी घालून डब्यात ठेवलं. रात्री मला म्हणाली, घर बदलताना मी दोन कुंड्या टेम्पोत उचलून ठेवल्या होत्या. कळी धरल्यावर हलवायचं नसतं. मी म्हणालो, डॉक्टर मॅडमनी तीनदा सांगितलं की तुझी काही चूक नाही, त्यांनासुद्धा कारण सापडलेलं नाही. त्यावर ती म्हणाली, “डॉक्टर पाहुण्यासारखं बरं वाटेल ते बोलतात. आप्पा झाडाबद्दल कधी चुकत नाहीत.”

आता ती रोज चुका मोजते. अमुक दिवशी जुन्या घराचा जिना दोनदा चढले. तमुक दिवशी गोळी संध्याकाळी घ्यायची ती रात्री घेतली. कामावर जात नाही. पायरीवर बसते.

तुम्हाला काही कल्पना नव्हती, हे मला कळतं. म्हणून दोष देत नाही. भेटायला या, असंही म्हणत नाही. ते तुमच्या दोघांचं आहे. माझं एकच मागणं आहे. तुम्ही चुकलात, असं तिला लिहा. माझं ती ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुमचंच ऐकते.

दिग्विजय

*

लोणी काळभोर
७ जानेवारी २०२५

नम्रता,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. त्या तिन्हींत सुरुवातीलाच झाडं आली.

मला दिग्विजयरावांनी कळवलं. त्यांच्यावर रागावू नको.

तुला पटायचं असेल तर मला पुराव्यानिशी लिहावं लागेल, दुसऱ्या तऱ्हेने मला लिहिता येत नाही. म्हणून आधी मोरपंखीचं लिहितो. जयसिंगरावांच्या बंगल्यातल्या चौदा मोरपंखी मी कमरेइतक्या छाटायला सांगितल्या होत्या. म्हणालो होतो, फुटतील. त्या वाळल्या. तू त्यांच्यासमोर म्हणालीस, मोरपंखी जुन्या लाकडातून फुटत नाही, चूक आमची आहे. मी तुला नर्सरीत येऊ नको म्हणालो. त्याच संध्याकाळी विहिरीमागची आपली एक मोरपंखी मी तेवढीच छाटली, तुला खोटं पाडायला. पाणी घातलं, खत घातलं. दर महिन्याच्या एक तारखेला जाऊन बघत आलो. आज दोन वर्षं दहा महिने झाले. एक डोळासुद्धा फुटलेला नाही. तुझं बरोबर होतं हे मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं होतं. कळूनही बोललो नाही. म्हणून मी झाडाबद्दल कधी चुकत नाही, हे तू आधी डोक्यातून काढ. चुकतो. आणि लपवतो.

आता कळ्यांचं. नीट सांभाळलेली कळी गळलेली मी पाहिली नाही, असं तुला लिहिलं. ते खोटं आहे. माझी निळी वही तुला ठाऊक आहे. तिच्यात बावीस वर्षांची अनंताची नोंद आहे. दरवर्षी चाळीस कुंड्या. एकाच ढिगातली माती, एकाच झारीने पाणी, एकाच ओळीत ठेवलेल्या. कोणी हलवत नाही, मीही नाही. त्यातल्या चार-पाच दरवर्षी सगळ्या कळ्या टाकतात. शेजारची कुंडी फुलते, ही टाकते. मी माती तपासून आणली. पाणी तपासलं. मुळं उकरून पाहिली, पांढरी, निरोगी होती. कारण सापडलं नाही. वहीत त्या कुंड्यांपुढे मी दरवर्षी एक फुली मारतो, आणि त्या फुलीचा अर्थ ‘मला माहीत नाही’ असा आहे. हे मी कोणाला सांगितलं नाही. लोक माझ्याकडे कारण विचारायला येतात. नववी पास माणसाने माहीत नाही म्हटलं तर उद्या कोण येईल, अशी भीती होती. म्हणून त्यांची चूक शोधत गेलो. पाच प्रश्न विचारले तर कोणत्याही माणसाची काहीतरी चूक सापडते. ती गळण्याचं कारण असतेच असं नाही.

तू लहान असताना कुंडी उचलून मागे का न्यायचो, ते आता सांगतो. तू विचारशील आणि मला उत्तर येणार नाही, म्हणून न्यायचो.

तू कुंड्या उचलल्यास म्हणून झालेलं नाही. जिन्याने झालेलं नाही. तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. का झालं, ते मला माहीत नाही. हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी लेखी देतो आहे. खाली सही करतो.

ते जुनं पत्र फाडून टाक, असं म्हणणार होतो. पण लिहिलेलं फाडून जात नाही, हे या तीन दिवसांत कळलं.

तुझ्या आईला मी काल विचारलं, बाळ कोणासारखं होतं. ती म्हणाली, हनुवटी तुमची. 

४ तारखेला मी येरवड्याला आलो होतो. टेम्पोत दोन्ही रोपं होती. तू पायरीवर बसली होतीस, खाली मातीकडे बघत. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. वीस मिनिटं. मग परत आलो. आत येऊन काय बोलायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही आणि माझं मला शिकता आलं नाही.

मच्छिंद्र काळभोर

*

येरवडा
९ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

तुमचं पत्र मिळून महिना होत आला. रोज थोडं वाचते. ज्या डब्यात कळ्यांचं पहिलं पत्र ठेवलं होतं, त्यातच हे दुसरंही ठेवलं आहे. पहिलं मला पाठ आहे. दुसरं अजून होत नाही.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही. जिना मी अजून मोजते. पण परवा मोजता मोजता मध्येच आकडा विसरले, आणि मुद्दाम आठवला नाही. एवढंच झालं आहे.

४ जानेवारीला तुम्ही आलात ते मला दिसलं होतं. टेम्पोचा आवाज ओळखते. तुम्ही वीस मिनिटं लिहिलंत. पस्तीस होती. मी वर बघितलं असतं तर तुम्ही गेला असतात, म्हणून बघितलं नाही. तुम्ही मात्र तसेच गेलात.

झाडाचं ठरवलं आहे. मोरपंखी नको. काही न घडणारं झाड दारात हवं होतं, पण आमच्या घरात घडून गेलं आहे, ते त्याला कसं सांगायचं? अनंत आणा. त्याच्या कळ्या गळतील हे मला माहीत आहे. गळल्या की मी उचलीन. का गळल्या, असं तुम्हाला विचारणार नाही. तुम्हीही मला विचारू नका.

सातवा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला नव्हता. ‘झाड कशासाठी’ याचं उत्तर मला माहीत होतं. लिहायला नाव नव्हतं. तिला नाव ठेवायच्या आधीच ती गेली. आमच्याकडे आत्या नाव ठेवते, पण मी दिग्विजयला पाचव्या महिन्यातच सांगितलं होतं की नाव आप्पांकडून मागायचं, तोच त्यांच्या-माझ्यातला समेट.

तेवढा रकाना तुम्ही भरून आणा. कुंडीला कार्ड बांधता ना, त्यावर लिहून आणा. तोंडाने सांगू नका. मला ऐकवणार नाही.

रविवारी या. आईला आणा.

नम्रता

*

(अनंताच्या रोपाला सुतळीने बांधलेलं कार्ड)

कौशल्या रोपवाटिका, लोणी काळभोर
१६ फेब्रुवारी २०२५

रोप : अनंत. वय तीन वर्षं. कळ्या तीन, वाटेत एक गळाली. कारण माहीत नाही.
जागा : ५ फूट १० इंच × ३ फूट ११ इंच.
ऊन : सकाळी ७.२० ते १०.०५, दुपारी ३.१५ ते ४.३०. तिरीप धरलेली नाही.
माती : दोन फूट खोल काढून लाल माती व शेणखत. सोबत आणली आहे.
पाणी : बोअरचं चालणार नाही. विहिरीचं कॅनमधून आणलं आहे, पुढेही आणीन.
पाणी कोण घालणार : नम्रता. रविवारी आप्पा.
घरात किती वर्षं राहणार : माहीत नाही. घर बदललं तरी झाड जागचं हलवू नये. मी येऊन पाणी घालत जाईन.
झाड कशासाठी : शेफालीसाठी.